गाठ महानीलेत शिरते तेव्हा

लहान मुलांच्या किडनीत होणाऱ्या कॅन्सरपैकी दहातले नऊ विल्म्स ट्यूमर असतात. साधारण दहा हजार मुलांमागे एकाला हा आजार होतो, आणि बहुतेकांना वयाच्या पाच वर्षांच्या आत. अंघोळ घालताना किंवा अंगाला तेल चोळताना पोटाच्या एका बाजूला काहीतरी घट्ट, गोल हाताला लागते. मूल बहुधा खेळते-खाते असते, म्हणून घरच्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने १८९९ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांचे निदान म्हणजे जवळजवळ मृत्यूचीच वार्ता होती. आज उपचार नीट आणि पूर्ण झाले तर दहातली नऊ मुले बरी होतात. बालकर्करोगाच्या शतकभराच्या इतिहासात यापेक्षा मोठे यश शोधावे लागेल.

या यशाच्या आत एक अवघड कोपरा आहे. काही मुलांत ही गाठ किडनीपुरती राहत नाही. ती किडनीतून निघणाऱ्या नीलेत शिरते, तिथून पोटातल्या सगळ्यात जाड नीलेत, म्हणजे अधोमहानीलेत उतरते आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर वर सरकत यकृतामागून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोहोचू शकते. अशा मुलावर आधी शस्त्रक्रिया करायची की आधी केमोथेरपी देऊन गाठ आक्रसू द्यायची, हा प्रश्न गेली चाळीसेक वर्षे बालशल्यविशारदांच्या चर्चेत आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे, असे माझे मत आहे. मात्र त्या उत्तराबरोबर काही किंमत येते आणि काही पोटप्रश्नही उरतात. त्यांच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही.

नीलेतल्या या गाठीला डॉक्टर थ्रॉम्बस म्हणतात, पण ती नुसती रक्ताची गुठळी नसते. ती मूळ गाठीचाच जिवंत फाटा असतो. पाण्याच्या पाइपात शिरलेल्या पिंपळाच्या मुळासारखा तो पोकळीतून वाढत जातो आणि सुरुवातीला तरी भिंतीला धरत नाही. म्हणूनच तो पुष्कळदा अलगद ओढून काढता येतो, आणि म्हणूनच त्याचा तुकडा तुटून फुप्फुसात जाण्याची भीतीही असते. उजव्या किडनीची नीला आखूड असल्याने उजवीकडच्या गाठी महानीलेत जास्त वेळा पोहोचतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विल्म्स अभ्यासाच्या चौथ्या फेरीत २,७३१ मुलांची नोंद झाली. त्यांपैकी १६५ जणांच्या महानीलेत किंवा हृदयात गाठ शिरली होती, म्हणजे शंभरात सहा. हृदयाच्या कप्प्यापर्यंत पोहोचलेली मुले त्यांत ३१ होती, शंभरात जेमतेम एक.

चकवणारी गोष्ट अशी की यातल्या निम्म्याहून अधिक मुलांत नीलेतल्या गाठीचे वेगळे असे काही लक्षणच नसते. पोटावर शिरा उमटणे, पोटात पाणी होणे, यकृत वाढणे, पाय सुजणे, डाव्या वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा झोपवल्यावरही न ओसरणे ही चिन्हे दिसली तर नशीब म्हणायचे. त्यामुळे पोटातली गाठ सापडल्यावर पहिल्याच सोनोग्राफीत डॉप्लरने महानीला तपासणे आणि ती वरपर्यंत मोकळी दिसत नसेल तर हृदयाचा इको काढणे याला पर्याय नाही. नुसत्या सीटी स्कॅनवर विसंबले तर फसगत होते. मोठी गाठ महानीलेला बाहेरून इतकी दाबते की आत काही आहे की बाहेरूनच दाब आहे, हे कळत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पहिल्यांदा हृदयातली गाठ ‘सापडणे’ हा जगातल्या प्रत्येक अनुभवी बालशल्यविशारदाच्या धास्तीचा प्रसंग आहे.

आता सरळ शस्त्रक्रिया करायची म्हटले तर काय करावे लागते ते पाहू. गाठ महानीलेत थोडीच डोकावत असेल तर महानीलेला वरून-खालून फिती लावून रक्त थांबवतात, भिंत उघडतात, फाटा किडनीबरोबर अखंड बाहेर काढतात आणि भिंत शिवतात. अनुभवी हातात हे काम होते. गाठ यकृतामागे गेली की यकृत उचलून फिरवावे लागते आणि यकृतातून येणाऱ्या नीलाही ताब्यात घ्याव्या लागतात. हृदयात शिरलेली असेल तर छाती उघडून, हार्ट-लंग मशीनवर घेऊन, कधी शरीराचे तापमान खूप खाली आणून रक्ताभिसरण काही मिनिटे पूर्ण थांबवून ती काढावी लागते. आणि हे सगळे पोटात फुटबॉलएवढी गाठ असलेल्या, बारा-तेरा किलो वजनाच्या, बहुधा रक्तदाब वाढलेल्या मुलावर! त्या गर्दीत किडनीची गाठ फुटली तर तिच्या पेशी पोटभर सांडतात, आजाराची पायरी (स्टेज) वाढते आणि पुढे पोटाला किरणोपचार द्यावे लागतात.

प्रौढांच्या किडनीचा कॅन्सरही महानीलेत शिरतो, पण त्याला आक्रसवणारी भरवशाची केमोथेरपी नाही, म्हणून तिथे सुरीच आधी येते. विल्म्सचे तसे नाही. ही गाठ औषधांना विलक्षण दाद देते. सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये १९५०च्या दशकात अॅक्टिनोमायसिन-डी वापरून ते दाखवून दिले. पुढे व्हिन्क्रिस्टिन आले. ते आपल्या अंगणातल्या, देवळाबाहेरच्या कुंडीतल्या सदाफुलीपासून मिळते. तिसरे डॉक्सोरुबिसिन, लालभडक रंगाचे, प्रभावी आणि हृदयाला जपून द्यावे लागणारे. ही तीन औषधे एवढी कामाची आहेत की पहिल्या काही आठवड्यांतच गाठीचा आकार बऱ्याचदा निम्म्यावर येतो, आणि नीलेतला फाटा ही त्याच गाठीची शाखा असल्याने तोही मागे हटतो.

इथून दोन परंपरा सुरू होतात. अमेरिकेत १९६९ साली राष्ट्रीय विल्म्स अभ्यास सुरू झाला. त्यांचे म्हणणे: आधी किडनी काढा, पॅथॉलॉजिस्टला अस्सल गाठ बघू द्या, मग तिच्या जातीनुसार आणि पसरण्यानुसार औषध ठरवा. युरोपातल्या आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटनेने, म्हणजे ‘सिऑप’ने, १९७१मध्ये उलट टोकाकडून सुरुवात केली. त्यांच्या पहिल्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी किरणोपचार दिल्यावर गाठ फुटण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावरून चार टक्क्यांच्या आसपास आले. नंतरच्या चाचणीत असे दिसले की किरणांऐवजी औषधांनीही हेच साधते. तेव्हापासून तिकडे बहुतेक प्रत्येक मुलाला आधी चार आठवडे औषध आणि मग शस्त्रक्रिया हा शिरस्ता आहे. आजार इतरत्र पसरलेला असेल तर डॉक्सोरुबिसिन जोडून सहा आठवडे. ब्रिटनने दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या. तिथे जगण्यात फरक पडला नाही, पण आधी औषध घेतलेल्या मुलांच्या आजाराची पायरी सौम्य निघाली आणि साधारण पाचातल्या एका मुलाचे किरणोपचार किंवा डॉक्सोरुबिसिन वाचले.

एरवी इतक्या ठाम असलेल्या या दोन परंपरा नीलेत शिरलेल्या गाठीपाशी मात्र एकमेकींच्या जवळ येतात. अमेरिकी गटही मान्य करतो की फाटा यकृताच्या नीलांच्या पातळीपर्यंत किंवा त्याहून वर गेला असेल, तर आधी शस्त्रक्रिया करू नये. दोन्ही किडन्यांत गाठ, एकच किडनी असलेले मूल, शेजारचे अवयव कापावे लागतील अशी गाठ, फुप्फुसांतल्या प्रसारामुळे दम लागलेले मूल ही त्यांची बाकीची अपवादस्थाने. म्हणजे हृदयापर्यंत गेलेल्या गाठीबद्दल आज वाद उरलेला नाही. वाद आहे तो किडनीच्या नीलेपासून यकृताच्या खालच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यात. अमेरिकेतला सर्जन तिथे सरळ शस्त्रक्रिया करील, युरोपातला थांबेल.

या सहमतीमागचा सर्वांत वजनदार पुरावा त्याच चौथ्या अमेरिकी अभ्यासातला आहे, आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. १६५ मुलांपैकी ६९ जणांना आधी औषध मिळाले होते. आधी आणि नंतर तुलना करता येईल असे फोटो ४९ मुलांचे होते. त्यांतल्या ३९ जणांचा नीलेतला फाटा मागे हटला. हृदयात पोहोचलेल्या अशा १२ मुलांपैकी ७ जणांचा फाटा हृदयाबाहेर आला, म्हणजे सात मुलांना हार्ट-लंग मशीनवर घ्यावेच लागले नाही. शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंती सरळ शस्त्रक्रिया झालेल्यांत २६ टक्के होत्या, आधी औषध घेतलेल्यांत १३.२ टक्के. आकडा निम्म्यावर आला. पुष्कळ भाषणांत आणि सादरीकरणांत हा आकडा इथेच थांबतो.

अभ्यासकर्ते मात्र इथे थांबले नाहीत, आणि त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो. औषधाच्या काळातही पाच मुलांना गंभीर त्रास झाला होता. एकात गाठीचा तुकडा सुटून रक्तात वाहून गेला, एकात गाठ वाढतच राहिली, तिघांना श्वसनाचा तीव्र विकार झाला आणि त्यांतले एक मूल दगावले. हा त्रास हिशेबात धरला तेव्हा दोन्ही गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उरला नाही. आजार उलटण्याच्या बाबतीत नीलेत गाठ शिरलेली आणि न शिरलेली मुले तीन वर्षांनंतर जवळपास सारखीच होती, पहिल्यांत सुमारे ७७ टक्के आणि दुसऱ्यांत ८० टक्के आजारमुक्त.

मग आधी औषध का? माझ्या मते उत्तर सरासरीत नाही, गाठीच्या पातळीत आहे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेतली गुंतागुंत महानीलेपुरत्या गाठीत १७ टक्के होती आणि हृदयापर्यंत गेलेल्या गाठीत ३७ टक्के. जोखीम सगळ्या मुलांत सारखी वाटलेली नाही, ती वरच्या टोकाला एकवटली आहे. त्या टोकाला औषधाने फाटा चार-पाच सेंटीमीटर जरी खाली आला तरी शस्त्रक्रियेचा प्रकारच बदलतो: छाती उघडायची गरज राहत नाही, हृदय थांबवावे लागत नाही. खालच्या टोकाला तेवढेच सेंटीमीटर मिळाले तर फार काही हाती लागत नाही. शिवाय या मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. ज्यांची गाठ भयंकर दिसली त्यांना औषध आधी देण्याकडे डॉक्टरांचा कल असणार, आणि तरीही त्यांच्या शस्त्रक्रिया अधिक सुखरूप झाल्या. शंभरात एकाला होणाऱ्या या गोष्टीची समोरासमोर चाचणी घेण्याइतकी मुले कोणत्याही एका देशात मिळणार नाहीत, त्यामुळे अशा जुन्या नोंदींचे वाचनच जपून करावे लागते.

दरम्यान एक गैरसमज दूर करायला हवा. नीलेत किंवा हृदयात गाठ गेली म्हणजे मूल हातचे गेले, असे पालकांना वाटते, आणि कधी कधी त्यांना तसे सांगितलेही जाते. १९८०च्या दशकापासूनचे अभ्यास वेगळे सांगतात. मुलाचे भवितव्य गाठीची सूक्ष्मदर्शकाखालची जात आणि तिची पायरी ठरवतात. ती नीलेत शिरली होती, एवढ्यावरून ते ठरत नाही. फाटा पूर्ण निघाला तर अशा मुलांच्या जगण्याची शक्यता त्याच पायरीच्या इतर मुलांसारखीच असते.

आता किमतीबद्दल. अमेरिकी नियमानुसार ज्या मुलाला आधी औषध दिले, त्याची पायरी आपोआप तिसरी धरली जाते, कारण औषधाने पुरावा पुसला असण्याची शक्यता असते. तिसरी पायरी म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि कुशीला किरणोपचार. युरोपच्या नियमानुसार औषधानंतर किडनी काढून जे दिसते त्यावर पायरी ठरते. फाटा अखंड निघाला आणि नीलेची भिंत स्वच्छ निघाली तर दुसरी पायरी, आणि गाठ मध्यम जोखमीच्या जातीची असेल तर किरणोपचार नाहीत. तुकड्यातुकड्यांत निघाला किंवा भिंतीत रुजलेला सापडला तर तिसरी. त्यातच ‘सिऑप’च्या २००१च्या चाचणीने दाखवले की दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मध्यम जोखमीच्या गाठींत डॉक्सोरुबिसिन वगळले तरी मुले तितकीच जगतात. म्हणजे एकाच गाठीचे, एकाच वयाचे मूल एका परंपरेत किरणे आणि हृदयाला जड औषध घेऊन बाहेर पडेल, दुसऱ्या परंपरेत दोन्हींशिवाय. तीन वर्षांच्या मुलाच्या कुशीवर पडलेले किरण पाठीच्या कण्याची वाढ वाकडी करू शकतात, आणि मुलींच्या बाबतीत पुढच्या गरोदरपणावरही त्यांचा परिणाम होऊ शकतो. दोन नियमपुस्तकांतला हा फरक एका मुलाच्या आयुष्यात पन्नास-साठ वर्षे पुरतो. दोन्ही पुस्तकांतली पाने सोयीने एकत्र करून वापरणे तर सर्वांत धोक्याचे. युरोपासारखे आधी औषध द्यायचे आणि पायरी मोजायची अमेरिकेच्या पद्धतीने, की उलट, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असले पाहिजे.

पोटप्रश्नांपैकी सर्वांत महत्त्वाचा म्हणजे औषध किती दिवस द्यायचे. गाठ आक्रसते ती मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. अमेरिकी गट सहाव्या आठवड्याला पुन्हा चित्रे काढायला सांगतो आणि कुठल्याही परिस्थितीत बाराव्या आठवड्याच्या पुढे शस्त्रक्रिया ढकलू नये म्हणतो. हे बंधन मोलाचे आहे. फाटा आणखी थोडा खाली येईल या आशेने महिनोन्महिने औषध देत राहण्याचा मोह फार मोठा असतो, आणि तो सर्जन, ऑन्कॉलॉजिस्ट, पालक सगळ्यांनाच होतो. पण काही गाठी मुळातच आक्रसत नाहीत. स्नायूसारख्या किंवा संयोजी पेशींनी भरलेल्या विल्म्स गाठी औषधाने ‘पिकतात’, आकाराने तशाच राहतात, आणि त्यांचा स्वभाव तसा सौम्यच असतो. याउलट ज्या थोड्या गाठी खरोखर हट्टी आणि विषारी जातीच्या असतात, त्यांच्याबाबतीत थांबण्यात मौल्यवान वेळ जातो. दोन्ही बाबतींत औषध लांबवून काही मिळत नाही.

दुसरा प्रश्न भिंतीचा. औषधाने फाटा आक्रसतो, पण आक्रसताना काही वेळा व्रणासारखा सुकून नीलेच्या भिंतीला चिकटतो. सुरुवातीला सैल असलेला फाटा आता सोलून काढावा लागतो. कधी महानीलेचा तुकडाच कापून टाकावा लागतो. ऐकायला भीषण वाटते, पण महानीला हळूहळू बंद होत गेली असेल तर शरीराने तोवर बाजूच्या नीलांतून वाट काढलेली असते आणि तेवढा भाग परत न जोडताही मूल नीट राहू शकते. आधी औषध देण्याच्या विरोधातला हा सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे. तरीही हृदयातल्या गाठीपेक्षा यकृताखालच्या चिकटलेल्या गाठीशी झगडणे सर्जनला केव्हाही परवडते, असे मला वाटते.

तिसरा प्रश्न यकृताचा. फाट्याने यकृताच्या नीलांची तोंडे अडवली असतील तर यकृत आधीच तुंबलेले असते, आणि अॅक्टिनोमायसिन-डीचा एक ठाऊक दुष्परिणाम म्हणजे यकृतातल्या बारीक वाहिन्या बंद होणे. एक वर्षाखालच्या बाळांना तर ही औषधे कमी मात्रेतच द्यावी लागतात. अशा मुलाला पहिले दोन आठवडे बालकर्करोगाच्या अनुभवी वॉर्डातच ठेवावे. वजन रोज बघावे, यकृताची तपासणी करावी, श्वासावर लक्ष ठेवावे.

आणि निदान? आधी औषध म्हणजे गाठ न बघता औषध. ब्रिटनच्या चाचणीत सुईने तुकडा काढून पाहिला तेव्हा विल्म्स समजलेल्या साधारण आठातल्या एका मुलात दुसरेच काही निघाले. युरोपात सहा महिने ते सहा-सात वर्षांच्या, नेहमीचे चित्र दिसणाऱ्या मुलांत सुई टोचत नाहीत. अमेरिकी नियमात सुई टोचली की पायरी तिसरी. मोठ्या मुलात, वेगळ्या दिसणाऱ्या गाठीत मात्र सुईचा तुकडा घेणेच शहाणपणाचे, कारण किशोरवयात महानीलेत शिरणारी गाठ प्रौढांच्या जातीची असू शकते, आणि तिला ही औषधे उपयोगी पडत नाहीत.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वजनाने येतो. आपल्याकडे गाठी मोठ्या होऊन येतात, मुले कुपोषित असतात, रक्त कमी असते. आधी औषध देण्याने मुलाला खाऊपिऊ घालायला, रक्तदाब आटोक्यात आणायला, रक्त भरायला चार-सहा आठवडे मिळतात. आफ्रिकेतल्या सहकारी विल्म्स प्रकल्पानेही याच कारणांनी आधी औषधाचा मार्ग धरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बालकर्करोगाचा जागतिक उपक्रम जाहीर केला, तेव्हा निवडलेल्या सहा कर्करोगांत विल्म्सचा समावेश केला, कारण तो बरा होतो आणि त्याची औषधे जुनी, तुलनेने स्वस्त आहेत.

आपल्याकडची अडचण औषधापेक्षा मधल्या काळात आहे. परळला टाटा आणि वाडिया ही दोन रुग्णालये जवळजवळ आहेत. नंदुरबार, गडचिरोली, धाराशिवहून येणारी कुटुंबे तिथे पोहोचतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराच्या खर्चाचा मोठा भाग सुटतो. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, सेंट ज्यूडची केंद्रे आहेत. पण मजुरी बुडते, घरी दुसरे लेकरू असते. तीन इंजेक्शनांनंतर पोट मऊ पडते, मूल हसायला लागते, आणि घरी गेलेले कुटुंब शस्त्रक्रियेला परत येत नाही, ही जोखीम खरी आहे. आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या देशांच्या अभ्यासात हा आकडा मोजण्याची गरज पडत नाही. आपल्याला पडते.

त्याहून एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. कॅन्सरचे रुग्णालय आणि लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची सोय एकाच छताखाली असेलच असे नाही. हृदयापर्यंतची गाठ सहा आठवड्यांत यकृताखाली आली तर ठीक. बारापैकी पाच मुलांसारखी ती हृदयातच राहिली, तर त्या दिवशी हार्ट-लंग मशीन आणि ते चालवणारा चमू शोधायला निघणे म्हणजे आणखी आठवडे गमावणे. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी केमो सुरू करायला माझा विरोध नाही, पण त्याआधी इको झालेला असावा, कोणत्या नियमपुस्तकाने जायचे ते कागदावर असावे, हृदयशल्यविशारदाने ती चित्रे पाहिलेली असावीत, आणि सहाव्या आठवड्याच्या स्कॅनची तारीख, जागा आणि तिथे पोहोचण्याच्या भाड्याची सोय आई-वडिलांच्या हातात दिलेली असावी.